हेमाताईंची नवरी

हेमाताई चष्मा केसांत खोचून उलट्या पावलांनी दुकानाबाहेर येऊ लागल्या की रस्त्यावरचे रिक्षावाले आपोआप ब्रेकवर पाय ठेवत. बोईसर स्टेशनहून नवापूरकडे जाणारा तो रस्ता. टँकर, कंपन्यांच्या बसेस, भाजीवाल्या, सगळं एकाच वेळी तिथून जायचं असतं. आणि या सगळ्याकडे पाठ करून ही बाई एकेक पाऊल मागे येतेय. नजर दुकानातल्या भिंतीवर, जिथे नुकताच छापलेला फ्लेक्स टांगलेला. कुणी हॉर्न वाजवला तर मान न वळवता म्हणायच्या, "थांब रे, लगीन हाय!"

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा धावत जाऊन त्यांचा दंड धरला. जीव वाचवला म्हणून आभार मानतील असं वाटलं होतं.

"हात सोडा," त्या म्हणाल्या. "बिघडवलंत. आता परत आतून यायला लागल."

"अहो, पण चष्मा काढून रस्त्यात?"

"चष्मा लावून कोनाला पण दिसतं. चष्म्याशिवाय मला समोर बाई हाय का बाप्या हाय तेबी कळत नाय. तरी अक्षर कळलं पायजे. अक्षर आदी दिसतं, मंग वाचतं."

हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी म्हणत. मला ते तेव्हा उगाच मोठं बोलल्यासारखं वाटलं. नंतर त्याच वाक्यानं माझी जी शोभा केली ती पुढे सांगतोच.

हेमाताई मूळच्या घिवलीच्या, मच्छीमारांच्या घरातल्या. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की त्याला चहा मिळत नसे. दुकानात लग्नपत्रिका, हळदीचे फ्लेक्स, मांडवावरची नावं अशी कामं. पण गिऱ्हाईक यायचं ते 'नवरी'साठी. नवरी हा त्यांनी स्वतः तयार केलेला टाइप. कॉम्प्युटरवरचं अक्षरवळण म्हणा हवं तर. त्याची शिरोरेषा सरळ नव्हती. मधे किंचित खाली झुकायची आणि दोन्ही टोकांना वर उचलायची, होडीच्या काठासारखी. वेलांटी पदरासारखी मागे जायची आणि उकाराची शेपूट खाली अशी काही वळायची की ओळीखालच्या ओळीनं अदबीनं जरा बाजूला सरकावं. डहाणूपासून सफाळ्यापर्यंत लोक पत्रिका पाकिटातून अर्धी बाहेर काढूनच म्हणत, "हां, हेमाची नवरी हाय."

ते वळण त्यांच्या वडिलांचं. गोपाळबाबा घिवलीच्या होड्यांवर नावं रंगवायचे. हेमाताईंना लहानपणापासून ती अक्षरं काढायची हौस, पण ब्रशशी त्यांचं हाडवैर. एकदा बाबा जेवायला गेले असताना त्यांनी एका होडीवर नाव काढलं, तर अक्षरं ओघळून पार खाली गेली आणि मालकाला वाटलं होडीला दाढी आली. "ब्रश मला बगितला की शिव्या देतो," त्या सांगायच्या. माऊस मात्र त्यांचं ऐकायचा. एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असताना, त्यांनी बाबांच्या अक्षरांचे मोबाइलवर फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकेक वळण गिरवायला घेतलं. सगळ्यात जास्त छळलं जोडाक्षरांनी. "एकटं अक्षर गुणी असतंय. दोघांना एका घरात घातलं की कोनाचा तरी पाय मोडतो."

टाइप तयार झाला, पत्रिका गाजल्या, दुकान चालायला लागलं. तरी हेमाताईंना जे हवं होतं ते मिळत नव्हतं. त्यांना नवरी होडीवर हवी होती. घिवलीच्या एका तरी होडीवर. ज्या लाकडावरून ती आली त्याच लाकडावर परत.

आणि बाबा नाही म्हणत होते.

"सगळ्या गावाचे पोरगे नावाचे स्टिकर लावतात," त्या मला तावातावानं सांगायच्या, "तवा बाबा कोनाला काय बोलत नाय. मी नवरी लावू का बोलली तर बोलला, तुजं अक्षर हातात धरून वाचाचं. पत्रिकेचं. होडी हातात धरून चालत नाय. होडीचं अक्षर पान्यावरून वळखाय लागतं. किनाऱ्यावरच्या बायांना लांबून कळलं पायजे, आपली आली का दुसऱ्याची."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी बोलली, माजं पण वळखंल. तो बोलला, दाखव."

तर हे 'दाखव' कित्येक वर्षं अडकून पडलं होतं. रस्त्यात उलट्या पावलांनी चालणं हा त्या 'दाखव'चाच सराव होता, हे मला फार उशिरा उमगलं. मला बहुतेक गोष्टी उशिराच उमगतात.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत नोकरीला होतो. पर्सोनेल विभाग. म्हणजे रजा नामंजूर करणे आणि समारंभात सूत्रसंचालन करणे. बढती मिळाली त्या दिवशी मी हेमाताईंच्या दुकानात गेलो आणि जरा सैल आवाजात म्हणालो, "व्हिजिटिंग कार्डं करायचीत. नवरीमध्ये."

"लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही हो. प्रमोशन."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग साद्या अक्षरात घ्या. प्रमोशनला कोन नाचत नाय."

मी नाचणार होतो, पण ते सांगायचं धाडस झालं नाही. साध्या अक्षरातली कार्डं घेऊन परत आलो. पुढे सांगतो त्या प्रकारानंतर मला नवी कार्डं छापण्याची गरजच पडली नाही, इतक्या निष्ठेनं कंपनीनं मला त्याच पदावर ठेवलं.

नवरी फक्त आनंदाला, हा त्यांचा नियम. राजकारणी लोकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला नाही. "त्यांना कोन लांबून वळखत नाय, जवळूनच वळखतात." दुकानांच्या सेलला नाही. बारशाला हो, हळदीला हो, पहिल्या पगारात घेतलेल्या रिक्षाच्या मागच्या काचेला तर जरूर. एका मुलाकडच्या माणसानं पत्रिका परत आणली होती. तक्रार काय, तर मुलीच्या नावाची शेपूट मुलाच्या नावापेक्षा लांब आहे.

"तिच्या नावात उकार हाय," हेमाताई म्हणाल्या.

"आमच्या पोराला पण द्या कायतरी."

"नाव बदला त्याचं. बारसं परत करा, त्याची पत्रिका मी फुकट देते."

तो माणूस रागारागानं गेला आणि त्याच पत्रिका घेऊन गेला. लग्नाला हेमाताई हजर होत्या. कारण ज्याची पत्रिका केली त्याच्या लग्नाला जायचं, हा दुसरा नियम. आहेर द्यायच्या, शेवटच्या रांगेत बसायच्या आणि नवरा-नवरीकडे न पाहता लोकांच्या हातांकडे पाहत बसायच्या. पत्रिका कोण वारा घ्यायला वापरतंय, कोण पोराच्या हातात देतंय, कोण नीट घडी करून पर्समध्ये ठेवतंय. घडी करणारीला त्या जेवणाच्या रांगेत गाठायच्या आणि ओळख नसताना तिच्या ताटात एक जिलबी जास्त वाढायला लावायच्या.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. उद्घाटनाला मुंबईच्या मुख्य कार्यालयातून मोठे साहेब येणार होते. त्यांना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. स्वागताची जबाबदारी माझ्यावर. मी ठरवलं, गेटवर असा फलक लावायचा की साहेबांनी गाडीतून उतरता उतरताच माझं नाव विचारावं. हेमाताईंकडे गेलो.

"सुस्वागतम्. मोठा. नवरीमध्ये."

"कोनाचं लगीन?"

या वेळी मी तयारीनं गेलो होतो. "वरपक्षच समजा ना, ताई. मुंबईहून येणार, उशिरा येणार, गेटवर हार घालून घेणार, जेवणाला नावं ठेवणार आणि जाताना भेटवस्तू घेऊन जाणार."

हेमाताई खळखळून हसल्या. त्या हसल्या की दाराबाहेरचे रिक्षावालेही हसत, कारण न कळता. "मंग बरोबर. घ्या नवरी. पन सायेब, एक सांगते. तिला उगाच कुठं पन उभी करू नका. मानसं मागं येतात तिच्या."

मी हसण्यावारी नेलं. पिवळ्या कापडावर मरून रंगात 'सुस्वागतम्', खाली बारीक अक्षरात 'सुरक्षा सप्ताह'. नाक्यावरून दिसेल असा फलक गेटवर चढवला. गेटवरच्या तिवारीजींना सक्त सूचना दिली: जो कुणी पाहुणा येईल त्याला आधी गुलाब, मग हेल्मेट. हेल्मेटशिवाय एकही माणूस आत जाता कामा नये.

"कोई भी हो, साब?"

"कोई भी हो. खुद चेअरमन हो तो भी."

त्याच दिवशी आमच्या कंपनीच्या जरा पुढे असलेल्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये एक लग्न होतं. पत्रिका अर्थातच हेमाताईंची, आणि नाक्यावरचा हॉलकडे वळवणारा फलकही त्यांचाच, नवरीमधला. सकाळी कुठल्याशा टँकरचा आरसा लागून तो फलक सुटला आणि गटारात पडला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की एक मोठी गाडी नाक्यावरून वळली आणि थेट आमच्या गेटवर थांबली. तीतून सफारी सूट घातलेले एक भारदस्त गृहस्थ उतरले, मागोमाग आणखी चौघे-पाचजण. चेहऱ्यावर असा भाव की स्वागताला एवढा वेळ का?

हेच साहेब! मी धावलो. हार घातला. त्यांनी मान पुढे करून हार घेतला. तिवारीजींनी गुलाब दिला, त्यांनी घेतला. हेल्मेट पुढे केलं, तेव्हा मात्र ते क्षणभर थबकले.

"हे काय?"

"आमच्याकडची पद्धत आहे, सर," मी लवून म्हणालो.

"असेल," ते मागच्या माणसाला हळूच म्हणाले. "मुलीकडचे कंपनीत हायत ना." आणि त्यांनी हेल्मेट फेट्यावर बसवायचा प्रयत्न केला. फेटा! मला तेव्हा तरी कळायला हवं होतं. पण मला वाटलं, मुंबईचे लोक, हल्ली पारंपरिक वेश करतात.

त्यांना शामियान्यात पहिल्या रांगेत बसवलं. समोसे दिले. समोसा बरा आहे पण गार आहे, असं ते म्हणाले आणि माझी उरलीसुरली शंका फिटली. मी माइक हातात घेतला. "आजच्या या मंगल प्रसंगी," मी म्हणालो, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "आग केव्हाही लागू शकते." टाळ्या थांबल्या. "आपल्या शेजारी बसलेली व्यक्ती बेशुद्ध पडल्यास घाबरून जाऊ नका."

सफारीवाले उभे राहिले. "ओ मिस्टर! मुलीकडचे म्हणून काय पन बोलाल? माजा भाचा बोहल्यावर चढाचा हाय!"

नेमक्या त्याच क्षणी गेटवर बँड वाजू लागला. मागची गाडी पोहोचली होती. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव खाली उतरला होता आणि तिवारीजी हेल्मेट घेऊन त्याच्या अंगावर जात होते. "बिना हेल्मेट अंदर नहीं! साब का ऑर्डर है!"

मी कंपनीतल्या कुणालाही फोन केला नाही. हेमाताईंना केला. त्या हॉलमध्येच होत्या, शेवटच्या रांगेत, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत. मुलीचा बाप दारात येरझाऱ्या घालतोय, भटजी घड्याळ बघतायत, मुलीचे डोळे भरलेत आणि वरपक्षाचा पत्ता नाही, असं चाललेलं.

"ताई," मी म्हणालो, "वऱ्हाड माझ्याकडे आहे."

"जेवायला नाय ना घातलं?"

"समोसे."

"मेलात तुमी."

पाच मिनिटांत त्या स्कूटरवरून आल्या. गेटवर न थांबता स्कूटर गोल वळवली, बँडवाल्यांना ओरडून सांगितलं, "माज्या मागं या, वाजवत या!" आणि निघाल्या. पुढे हेमाताई, मागे बँड, मागे हातात हेल्मेट धरलेला नवरदेव, मग गुलाब आणि हेल्मेटधारी मामा आणि सगळ्यात मागे, हेल्मेटं परत मिळवण्यासाठी, तिवारीजी. मुहूर्त चुकला नाही. अंतरपाट धरला तेव्हा मामांच्या डोक्यावर आमच्या कंपनीचं बोधचिन्ह होतं आणि फोटोत ते आजही आहे.

मी मागोमाग माफी मागायला गेलो. पण तिथे हेमाताईच मामांवर चढल्या होत्या. पुढे मी जे ऐकलं त्यातला शब्द न् शब्द लक्षात आहे.

"मामा, खाली सुरक्षा सप्ताह लिवलंय. बोर्ड वाचता येत नाय?"

"वाचाला कोन थांबलाय, बाय? नाक्यावरून पत्रिकेतलं अक्षर दिसलं. आमी वळलो."

हेमाताईंचा हात चष्म्याकडे गेला. तो केसांत होता. त्यांनी तो डोळ्यांवर घेतला, मामांकडे नीट पाहिलं, परत काढला.

"नाक्यावरून?"

"नाक्यावरून."

नंतर त्यांनी मामांच्या ताटात स्वतः जिलब्या वाढल्या. किती वाढल्या ते मामांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. (खरे साहेब अर्ध्या तासानं आले. हार संपले होते, समोसे संपले होते आणि स्वागताधिकारी लग्नात जेवत होता.)

त्या रविवारी हेमाताईंनी मला घिवलीला नेलं. "तुमी फक्त सांगाचं. काय झालं तेवढं. मदे हुशारी नको."

गोपाळबाबा ओट्यावर दाढी करत बसले होते. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गुळगुळीत. आरसा नारळाच्या झाडाला अडकवलेला. मी सांगायला सुरुवात केली आणि वस्तरा थांबला. समोशांपाशी ते हसले. हेल्मेटपाशी त्यांना ठसका लागला. पण मामांचं वाक्य सांगितलं तसे ते हसायचे थांबले.

"नाका तुमच्या गेटपासून किती लांब?"

मी इकडेतिकडे पाहिलं. समोर समुद्र, उजवीकडे दूर अणुवीज केंद्राच्या इमारती, मधे खडक. "इथून त्या खडकाएवढं असेल."

"त्या का पलीकडच्या?"

मला हुशारी करायची फार इच्छा झाली. पण हेमाताई बघत होत्या. "त्या. अलीकडच्या."

बाबांनी अलीकडच्या खडकाकडे पाहिलं. गालावरचा फेस वाळत चालला होता. "आनि गाडीत बसून. धावत्या."

"हो."

"वाचलं नाय, वळखलं."

"हो, बाबा."

ते पुन्हा आरशाकडे वळले आणि उरलेला गाल पुरा केला. मग तोंड पुसत हेमाताईंना म्हणाले, "स्टिकर नाय लावाचा."

हेमाताईंचा चेहरा पडला.

"मी काडीन. तुजं अक्षर, माजा हात. रमणच्या नव्या होडीवर. कागद आन मोठा."

रमण म्हणजे हेमाताईंचा धाकटा भाऊ. त्याच्या नव्या होडीचं नाव 'धनलक्ष्मी' ठरलं होतं. पावसाळा सरत आला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. बाबा होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाटावर बसलेले, शेजारी निळ्या-पांढऱ्या रंगाचे डबे, आणि मागे हेमाताई उभ्या, हातात छापील कागद. होडीला दाढी आल्यापासून ज्या बाबांनी लेकीला ब्रशला हात लावू दिला नाही, त्यांनाच ती आता वळण शिकवत होती.

"बाबा, वेलांटी आखूड झाली."

"गप."

"गप काय? मागं येऊन बगा."

"मी मागं आलो तर फुडं कोन रंगवल?"

"उचल जरा शेवटाला. होडीवानी."

"होडी मला शिकवते!" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "हिला सांगा, हे अक्षर माजंच हाय."

"तुमचं व्हतं," हेमाताई म्हणाल्या. "आता नांदाला गेली ती."

वेलांटीचं टोक मात्र बाबांनी उचललं. मी पाहिलं.

नारळी पुनवेला पूजा झाली, नारळ दर्याला दिला आणि त्यानंतर एका सकाळी धनलक्ष्मी पहिल्यांदा मासेमारीला निघाली. कंपनीनं माझी बदली गुजरातच्या कारखान्यात केली होती. तिथे गेटवर स्वागताला दुसरा माणूस आहे, असं त्यांनी पत्रातच स्पष्ट लिहिलं होतं. निघायच्या आधी मी घिवलीला गेलो होतो. म्हणजे हेमाताईंना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी.

बायका ओळीनं किनाऱ्यावर उभ्या होत्या. बाबा वाळूवर बसले होते. होडी पाण्यात वळून किनाऱ्याला समांतर निघाली, तशी नाळेवरची पांढरी अक्षरं उन्हात आली. हेमाताईंनी चष्मा केसांत खोचला आणि उलट्या पावलांनी मागे सरकायला सुरुवात केली. इथे रिक्षा नव्हत्या. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या होत्या आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. कुत्रं उठून बाजूला झालं.

"दिसतं?" बाबांनी विचारलं.

"दिसतं."

होडी पुढे गेली, हेमाताई मागे गेल्या. होडीनं खडक ओलांडला. अलीकडचा, मग पलीकडचा.

"आता?"

"हाय."

माझे डोळे चांगले होते. मला अक्षरं दिसेनाशी झाली, मग नाळ दिसेनाशी झाली, मग नुसता एक ठिपका राहिला आणि तोही कुठला ते सांगता येईना. हेमाताई नारळीच्या झाडांपर्यंत पोहोचल्या होत्या. डोळे बारीक केलेले, चष्मा केसांत, पाठ बुंध्याला टेकलेली. मागे जायला आता जागा नव्हती.

"आता गं?" बाबा ओरडले.

"हाय, बाबा!" त्या तिकडून ओरडल्या. "अजून हाय!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं आणि जोरात म्हणालो, "हो, मलाही दिसतंय."